पोटात कसंतरी होतं

मराठी माणसाचं सगळं पोटात चालतं. भूक लागली की पोटात कावळे ओरडतात, निकालाच्या आदल्या रात्री पोटात गोळा येतो, शेजाऱ्याने नवी गाडी घेतली की पोटात दुखतं, आणि लेक सासरी निघाली की आईच्या पोटात तुटतं. दुसऱ्याचं गुपित आपण पोटात ठेवतो, त्याची चूक पोटात घालतो. इंग्रज ज्या कामांसाठी हृदय आणि मेंदू असे दोन वेगळे सर्व्हर वापरतो ती सगळी कामं आपण एकाच मशीनवर चालवतो. :-)

आता एवढा लोड असलेल्या मशीनमध्ये खराच बिघाड झाला, तर तो नेमका काय हे डॉक्टरला कसं कळायचं? आणि बिघाड सांगणारा सहा वर्षांचा असेल तर? गेल्या दिवाळीपासून माझे बरेचसे वीकांत या प्रश्नात गेलेत, म्हणून या शनिवारी त्याबद्दल.

झालं असं, की माझ्या एका कॉलेजमित्राची थोरली बहीण बारामतीत लहान मुलांची डॉक्टर आहे. मित्राची ताई म्हणून मीही तिला ताईच म्हणतो. माझं गाव इंदापूर तालुक्यात, भिगवणच्या पुढे, उजनीच्या फुगवट्याजवळ. त्यामुळे पुण्याहून गावी जाताना वाट वाकडी करून बारामतीला जाणं नेहमीचंच. दिवाळीत ताईकडे फराळाला गेलो तर चकलीबरोबर तिने कामही पुढे केलं.

तिचं म्हणणं असं, की पोटाची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येक मुलामागे नीट विचारायचं म्हटलं तर अर्धा तास जातो, आणि बाहेर बाकावर वीस जण बसलेले असतात. मग आई बाकावर बसलेली असतानाच तिने टॅबलेटवर प्रश्नांची उत्तरं भरली तर? डॉक्टरांनी विचारायचे प्रश्न इंग्रजीत तयार आहेतच. ते मराठीत करून फॉर्म बनवून दे. बस्स, एवढंच.

'बस्स, एवढंच' हे क्लायंटचे शब्द कानावर पडले की मी सावध होतो. तेव्हाही झालो.

आधी थोडी पार्श्वभूमी. मुलांच्या पोटाच्या तक्रारींमध्ये एक मोठा गट असा आहे की त्यात रक्त तपासा, सोनोग्राफी करा, सगळं नॉर्मल येतं. तरी पोर कळवळत असतं, आणि ते नाटक करत नसतं. आतड्याची रचना ठीक असते, त्याचं काम बिघडलेलं असतं. हार्डवेअर ठीक, प्रोसेस अडकलेली, असं समजा. अशा विकारांसाठी १९८० च्या दशकाच्या अखेरीस काही तज्ज्ञ रोममध्ये एकत्र बसले आणि लक्षणांवरून निदान करायचे निकष ठरवायला लागले. शहराचं नाव त्या निकषांना चिकटलं ते कायमचं. मुलांसाठीचे वेगळे निकष १९९९ मध्ये दुसऱ्या आवृत्तीत आले, तिसरी आवृत्ती २००६ ची, चौथी २०१६ ची. (व्हर्जन नंबर असलेली गोष्ट म्हटल्यावर मला लगेच आपुलकी वाटली.)

उदाहरणादाखल बद्धकोष्ठ घ्या. मूल चार वर्षांहून मोठं असेल तर सहा लक्षणांची यादी आहे: आठवड्यात दोन किंवा त्याहून कमी वेळा शौचाला होणं, कपड्यात होणं, दाबून धरणं, होताना दुखणं किंवा खडा होणं, तपासताना आत मोठा साठा हाताला लागणं, आणि संडास तुंबेल इतकी जाड शी होणं. सहांपैकी किमान दोन, आठवड्यातून किमान एकदा, किमान महिनाभर. आणि दुसऱ्या कुठल्या आजाराने त्याचा उलगडा होत नसेल, तर त्याला म्हणायचं कार्यात्मक बद्धकोष्ठ.

यात माझ्यासारख्याच्या लक्षात लगेच येणारी गोष्ट म्हणजे, सहांपैकी एक सोडलं तर बाकी सगळं विचारूनच कळायचं. तापाला थर्मामीटर आहे, इथे प्रश्न हाच थर्मामीटर. म्हणजे प्रश्नातला शब्द चुकला तर थर्मामीटरच चुकीचा, आणि वर तो चुकीचा आहे हे सांगणारा दिवाही लागत नाही. प्रोग्रॅम क्रॅश होत नाही, फक्त निमूटपणे चुकीचं उत्तर देत राहतो. आमच्या धंद्यात सगळ्यात वाईट बग हाच.

ताईकडे एक मराठी मसुदा आधीपासून होता, एका भाषांतर एजन्सीकडून पैसे मोजून करून घेतलेला. त्यातले काही नमुने: 'मागील दोन महिन्यांत आपल्या पाल्याच्या मलविसर्जनाची वारंवारिता किती होती?' 'आपल्या पाल्यास उदराच्या ठिकाणी अस्वस्थता जाणवते काय?' 'पाल्य अनैच्छिक मलविसर्जन करतो काय?'

हसू नका, हा मसुदा रीतसर तपासलेला होता. भाषांतर तपासायची एक जुनी पद्धत आहे, रिचर्ड ब्रिस्लिन यांच्या १९७० च्या लेखामुळे ती जगभर रूढ झाली. मराठी केलेलं दुसऱ्या माणसाला द्यायचं, त्याने मूळ न बघता परत इंग्रजी करायचं, आणि दोन्ही इंग्रजी ताडून बघायची. एजन्सीने हे केलं होतं आणि निकाल अगदी स्वच्छ होता. 'मलविसर्जनाची वारंवारिता' परत इंग्रजीत गेली ती जशीच्या तशी, एक कानामात्रा न बदलता.

जाणारच ना! शब्दकोशातला शब्द शब्दकोशातून परत आणला तर तो तोच येणार. तुम्ही एखादी फाइल एन्कोड केली, मग डिकोड केली आणि ती तशीच मिळाली, तर एवढंच सिद्ध होतं की तुमचा एन्कोडर आणि डिकोडर एकमेकांना ओळखतात. मधली फाइल कुणा माणसाला वाचता येते की नाही याची ती टेस्टच नव्हे. आरोग्याच्या प्रश्नावल्यांच्या भाषांतरासाठी २००५ मध्ये आयस्पॉर या संस्थेच्या गटाने मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली, त्यात म्हणून आणखी एक पायरी आहे: ज्यांच्यासाठी फॉर्म आहे अशा मोजक्या माणसांना तो द्यायचा आणि विचारायचं, 'यातून तुम्हाला काय समजलं?' एजन्सीने नेमकी हीच पायरी गाळलेली होती. कारण उघड आहे, बाकीचं काम एसीत बसून होतं.

मग मी आणि ताई बाकावर बसलो. म्हणजे मी बसलो, ती आत पेशंट बघत होती. वेळ असेल त्या आयांना विचारून, त्यांची हरकत नसेल तरच.

पहिल्याच आईने टॅबलेट हातात घेतला, प्रश्न दोनदा वाचला आणि मला म्हणाली, "दादा, विसर्जन तर गणपतीचं असतं ना?"

झालं. शब्द नंबर एक बाद.

मग बदल्यात काय? इथून खरी गंमत सुरू झाली. लहान बाळाची ती 'शी'. शाळेत जायला लागलं की 'संडास'. वर्गात बाईंना सांगताना 'दोन नंबर'. आज्जी असली की 'परसाकडं'. परस म्हणजे घरामागचा मोकळा भाग, तिकडे जाणं ते परसाकडं. घरामागे आता परस उरलेला नाही, तिथे चुलत्याची खोली झाली आहे, पण शब्द शाबूत आहे. यात 'संडास' सगळ्यात जास्त चालणारा आणि सगळ्यात फसवा. संडास म्हणजे ती जागा, संडास म्हणजे ती वस्तू, आणि 'संडास लागली' म्हणजे थेट जुलाब. मूळ प्रश्न होता अचानक घाई होते का असा, त्याचं साधं मराठी केलं, 'मुलाला अचानक संडास लागते का?' तर एक मावशी म्हणाल्या, "लागली होती की. दोन दिवस लागली, सलाईन लावल्यावर थांबली." प्रश्न एका आजाराचा, उत्तर भलत्याच आजाराचं, आणि दोघंही शुद्ध मराठीत. प्रश्न बदलून झाला, 'संडासला आल्यावर त्याला धावतच जावं लागतं का, थोडं थांबता येतं?'

फॉर्ममध्ये मी मग त्या शब्दाचा व्हेरिएबलच करून टाकला. सुरुवातीला मुलाचं वय विचारायचं आणि 'तुमच्या घरात काय म्हणता?' असं विचारून तीन पर्याय द्यायचे. पुढच्या सगळ्या प्रश्नांत तोच शब्द. आज्जींना परसाकडं, आईला शी.

'अस्वस्थता'ही अशीच गेली. मूळ इंग्रजीत विचारलंय ते दुखतं किंवा बरं वाटत नाही या अर्थी. आपल्याकडे अस्वस्थ होतं ते मन. एक ताई सरळ म्हणाल्या, "अस्वस्थ तर मी असते, हिच्या पोटापायी." शेजारी त्यांची नऊ वर्षांची मुलगी बसली होती. मी तिलाच विचारलं, तुला काय होतं गं? तिने आधी आईकडे पाहिलं, मग पायाकडे, आणि म्हणाली, "पोटात कसंतरी होतं."

कसंतरी! लहानपणी हा शब्द मी स्वतः शेकडो वेळा वापरलाय आणि इतक्या दिवसांत तो मला सुचला नव्हता. दुखणं नाही, मळमळ नाही, पण बरंही नाही. तो शब्द फॉर्ममध्ये गेला आणि त्याच्या खाली पुढचा प्रश्न आला: 'कसंतरी म्हणजे कसं? दुखल्यासारखं, ओकारी आल्यासारखं, पोट तट्ट झाल्यासारखं, की भीती वाटल्यासारखं?' शेवटचा पर्याय ताईने मुद्दाम घालायला लावला. २०१६ च्या आवृत्तीत या विकारांच्या गटाला नवं नाव दिलं गेलं आहे, आतडं आणि मेंदू यांच्यातल्या देवाणघेवाणीचे विकार. आतड्याच्या भिंतीत स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं असतं आणि ते मेंदूशी सतत दोन्ही बाजूंनी बोलत असतं. त्या बोलण्यात गडबड झाली की साधा गॅसही कळ येऊन जाणवतो, आणि शाळेतली धास्ती खरोखर पोटात उतरते. दुखणं खरंच असतं, 'मनाचे खेळ' म्हणून झटकायचं नसतं. पोटात गोळा येणाऱ्या आणि पोटात तुटणाऱ्या लोकांना हे वेगळं समजावून सांगावं लागू नये. :-)

पुढचा मुक्काम ब्रिस्टल. इंग्लंडातल्या ब्रिस्टलमध्ये लुईस आणि हीटन या दोघा डॉक्टरांनी १९९७ मध्ये शीचे सात प्रकार करून एक तक्ता प्रसिद्ध केला. एक म्हणजे सुटे कडक खडे, सात म्हणजे नुसतं पाणी. शी पोटात किती वेळ रेंगाळली याचा अंदाज तिच्या रूपावरून येतो, म्हणून हा तक्ता जगभर वापरतात. आता त्यातली वर्णनं बघा. नंबर एक सुक्या मेव्यासारखी, दोन ते चार सॉसेजसारखी. सॉसेज! इंदापूर तालुक्यात! एजन्सीने त्याचं 'मांसाची नळी' केलं होतं. एका माळकरी आज्जींना मी हा प्रश्न वाचून दाखवला नाही एवढंच पुण्य माझ्या खात्यावर.

याची दुरुस्ती मात्र बाकावर पाच मिनिटांत झाली. मी फक्त चित्रं दाखवली आणि म्हटलं, याला तुम्ही काय म्हणाल? नंबर एकला सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं, "शेळीच्या लेंड्या." एक सेकंदही विचार नाही. दोनला मक्याचं कणीस, तीनला भेगाळलेलं गाजर, चारला पिकलं केळं, सहाला भज्याचं पीठ. पाचवर जरा वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही. एजन्सीच्या 'श्लेष्मा'चंही असंच झालं. 'आव' म्हटल्यावर आज्ज्यांना कळलं, तरुण आयांना 'शेंबडासारखं चिकट' म्हटल्यावर.

इथपर्यंत शब्दांचा प्रश्न होता. पण काही ठिकाणी शब्द बरोबर असूनही प्रश्न चुकतो, आणि ते जास्त अवघड.

'संडास तुंबेल इतकी जाड शी' हे लक्षण घ्या. ते ज्या देशांतून आलं तिथे कमोड आहे, फ्लश आहे, तुंबलं की घरात आरडाओरडा होतो. आपल्याकडे खेड्यात बसायचं भांडं आणि बादलीने पाणी, आणि पुष्कळ मुलं अजून शेताकडे जातात. उसाचा सरा काही तुंबत नाही. मग या लक्षणाला मोजायचं काय आहे? जाडी. तर सरळ तेच विचारलं: 'कधी इतकी जाड होते का की एवढ्याशा पोराला एवढी कशी झाली असं वाटावं?' याला आयांचं उत्तर हातवाऱ्यासकट येतं.

याहून मोठा घोटाळा 'आठवड्यातून किती वेळा' या प्रश्नात होता. मूळ निकषात शब्द आहेत 'टॉयलेटमध्ये दोन किंवा कमी वेळा'. फेब्रुवारीत आम्ही कारखान्याजवळच्या ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर गेलो होतो. बारामती-इंदापूर पट्ट्यात साखर कारखाने बरेच, आणि हंगामात बीडकडून तोडीला कुटुंबंच्या कुटुंबं पोरांसकट येतात. तिथे कोपीला संडास कुठला? 'संडासात किती वेळा?' याचं खरं उत्तर शून्य. शून्य म्हणजे दोनपेक्षा कमी, म्हणजे एक लक्षण हजर. आणखी एका विकाराच्या निकषात 'सामाजिक-सांस्कृतिक दृष्ट्या अयोग्य ठिकाणी' शौच करणं असं आहे, एजन्सीच्या मराठीत नुसतं 'अयोग्य ठिकाणी'. कोपीतल्या आईने मान खाली घालून 'हो' म्हटलं, कारण उघड्यावर जाणं अयोग्य हे तिने भिंतीभिंतीवर वाचलेलं होतं. तिचं पोरगं ठणठणीत होतं. फॉर्मने मात्र त्याला आजारी ठरवलं असतं, आणि त्याच्या आईला उगाच शरमिंदं केलं असतं ते वेगळंच.

वेळेचंही तसंच. 'गेल्या दोन महिन्यांत' म्हटल्यावर माणसं कॅलेंडर बघत नाहीत, आठवतात. मग आम्ही त्यांना धरायला खुंट्या दिल्या: संक्रांतीपासून, शाळा सुरू झाल्यापासून, कारखान्याचा बॉयलर पेटल्यापासून. महिन्यातून चार वेळा याच्याऐवजी 'दर आठवडी बाजाराला एकदा तरी'. ही माझी नव्हे, एका आज्जींची कल्पना.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ती गोष्ट. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.)

एक आठ वर्षांचा मुलगा. आई-वडील दोघंही बरोबर. तक्रार: 'जुलाब, सहा महिने.' दिवसातून तीन-चारदा चड्डी खराब. आधी दोन-तीन ठिकाणी जुलाब थांबायची औषधं देऊन झालेली. शाळेत पोरं नाक धरतात, त्यामुळे शाळा जवळजवळ बंद. वडिलांचं मत ठाम होतं, "मुद्दाम करतंय, आळशी आहे." आणि त्यांनी त्यावर घरगुती उपायही केलेला होता, तो पोराच्या दंडावर दिसत होता.

एजन्सीच्या मसुद्यात या ठिकाणी प्रश्न होता, 'मलविसर्जन हेतुपुरस्सर की अनैच्छिक?' वडिलांनी त्यावर हेतुपुरस्सर असंच उत्तर दिलं असतं. आमच्या नव्या फॉर्ममध्ये प्रश्न होता, 'चड्डीत झालेलं त्याला स्वतःला कळतं का?'

आई इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "त्याला कळतच न्हाई ओ. वास आल्यावर आम्हालाच कळतं. मग ते आमच्याकडं असं बघतं, जणू दुसऱ्याच कुणी केलंय."

पुढचा प्रश्न दाबून धरण्याचा. इथे एक बारकावा आहे. मूल दाबून धरतं तेव्हा पाय आवळतं, चवड्यांवर उभं राहतं, कोपऱ्यात जाऊन ताठ होतं, लाल होतं. बघणाऱ्याला वाटतं बिचारं कुंथतंय, होत नाहीये. प्रत्यक्षात ते बाहेर येऊ नये म्हणून जिवाचा आटापिटा करत असतं. 'कुंथतो का?' विचारलं तर सगळ्या आया हो म्हणतात आणि अर्थ नेमका उलटा लागतो. म्हणून आम्ही चित्र टाकलं आणि लिहिलं, 'असा पाय आवळून उभा राहतो का?' आई म्हणाली, "दाराआड जाऊन असाच उभा राहतो. सारखा."

ताईने पोट तपासलं तर खाली घट्ट गोळा हाताला लागला. जुलाब नव्हतेच. बद्धकोष्ठ होतं, सहा महिन्यांचं. होतं असं: कधीतरी एकदा खडा होतो, दुखतं. किंवा शाळेतल्या संडासाला कडी नसते, पाणी नसतं. मूल ठरवतं, नको. दाबून धरतं. आत साठत जातं, त्यातलं पाणी शोषलं जाऊन आणखी कडक होतं, मग आणखी दुखतं. शेवटचं आतडं ताणलं जाऊन त्याला भरल्याची जाणीवच होईनाशी होते. आणि वरून येणारं पातळ त्या गोळ्याच्या कडेने झिरपत राहतं, मुलाच्या नकळत. घरच्यांना दिसतात ते जुलाब. त्यावर जुलाब थांबायचं औषध देणं म्हणजे तुंबलेल्या गटारावर झाकण ठेवणं.

उपचार साधे आहेत, फक्त लांबलचक. पॉलिइथिलीन ग्लायकॉल नावाची पावडर, जी पाण्याला धरून ठेवून शी मऊ करते. २०१४ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्येही पहिली पसंती तिलाच आहे. आधी काही दिवस जास्त देऊन साठा मोकळा करायचा, मग निदान दोन महिने, बहुतेक वेळा त्याहून बरेच जास्त, कमी प्रमाणात चालू ठेवायची. रोज जेवणानंतर पाच-दहा मिनिटं निवांत बसवायचं, कारण जेवल्यावर आतडं आपणहून हलतं. आणि मारायचं नाही. ताईने हे तिसरं औषध चिठ्ठीवर पहिल्या नंबरला लिहिलं, मराठीत.

वडील बराच वेळ चिठ्ठीकडे बघत होते. मग पोराला उचलून घेतलं, आठ वर्षांचं असून. काही बोलले नाहीत.

पोरगं आता शाळेत जातंय. औषध अजून चालू आहे आणि मधून एकदा परत तुंबलं होतं, ते होतं म्हणे. जादू वगैरे काही नाही. फॉर्म नसता तरी ताईने पोट तपासून हे ओळखलंच असतं, हेही खरं. फॉर्म डॉक्टरची जागा घेत नाही. वजन घटणं, शीतून रक्त, हिरवी उलटी, झोपेतून उठवणारं दुखणं, किंवा जन्मानंतर पहिली काळी शी दोन दिवस उलटून गेल्यावर झालेली असणं, यातलं एकही असेल तर आमचा फॉर्म पुढचे प्रश्न विचारतच नाही, थेट आत पाठवतो. पण त्या आईला सहा महिन्यांत 'त्याला कळतं का?' हे कुणी विचारलं नव्हतं. उत्तर तिच्यापाशी तयार होतं, फक्त तिला कळेल असा प्रश्न तिच्यापर्यंत पोचला नव्हता.

एक अडचण मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. आपण शब्द इतके बदलत गेलो तर बारामतीच्या मुलाची आणि बोगोटाच्या मुलाची तुलना करायची कशी? निकष सगळीकडे एक असण्यातच त्यांची ताकद आहे. मूळ प्रश्नावल्यांचे हक्क रोम फाउंडेशनकडे आहेत, अधिकृत भाषांतर करायचं तर परवानगी आणि ठरलेली रीत पाळावी लागते, आणि ते योग्यच आहे. आमचा फॉर्म त्या पंगतीतला नाही. तो एका दवाखान्याच्या बाकापुरता आहे. तरी एक नियम आम्ही स्वतःला घालून घेतला आहे: काय मोजायचं ते निकष ठरवणार, कसं विचारायचं ते बाक ठरवणार. प्रत्येक प्रश्नाच्या मागे एका ओळीत लिहून ठेवलंय की हा प्रश्न नक्की काय मोजतो. शब्द बदलले तरी ती ओळ बदलायची नाही. इंटरफेस पक्का, इम्प्लिमेंटेशन मोकळं, असं आमच्या भाषेत म्हणतात.

आणि मराठी तरी एक कुठे आहे? आमच्याकडचे जुलाब बीडच्या बाईच्या तोंडी ढाळ होतात, कुणाची हगवण असते. फेब्रुवारीत कोप्यांवर दोनच संध्याकाळी मिळाल्या, आणि दिवसभर मोळ्या वाहून आलेल्या बाईला लेंड्या की कणीस विचारायला जीवही होत नव्हता. पुढचा हंगाम सुरू झाला की परत जायचंय, आल्याआल्या, माणसं दमायच्या आत. तोवर पाच नंबरच्या चित्राला काय म्हणायचं हा वाद चालू आहे. ताईची आई म्हणते भिजवलेल्या साबुदाण्याची वडी फुटल्यासारखं. मला पटत नाही, आणि साबुदाणा वडा मी आयुष्यात परत सुखाने खाईन असंही वाटत नाही.

असो. घरी आज्जी असेल तर एकदा तिच्याजवळ बसून विचारा, पोटाचं काय काय होतं ते. लिहून ठेवा. जेवणं झाल्यावर विचारा म्हणजे झालं. :-)